धाकटीचा खांदा

४ सप्टेंबर

ही वही बायकोने आणून दिली. म्हणाली, "जेवताना मणके, गुडघे, खांदे हे सगळं बंद. काय सांगायचं ते हिला सांग." वहीला मान डोलावता येत नाही, पण हल्ली बायकोही डोलावत नव्हती, तेव्हा विशेष फरक पडणार नाही.

तर वहीच्या माहितीसाठी. मी फिजिओथेरपिस्ट. इतकी वर्षं इस्पितळात म्हाताऱ्या माणसांचे गुडघे वाकवले. आता एका बिस्किटांच्या कारखान्याने त्यांच्या कामगार बायकांच्या व्हॉलीबॉल संघासाठी मला एका मोसमापुरतं घेतलंय. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, खेळाची आवड आहे का. मी म्हणालो, शरीराची आहे. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि थोडा वेळ माझ्याकडे नुसतं पाहिलं. तरी नोकरी मिळाली. बहुतेक दुसरं कोणी आलं नसावं.

हॉलला लागून मला एक खोली दिलीय. आधी तिथे बिस्किटांचे रिकामे खोके ठेवत. एक टेबल, एक बाक, बर्फासाठी छोटा फ्रिज, आणि दिवसभर व्हॅनिलाचा वास. पहिल्या दिवशी भूक लागत होती, आता मळमळतं.

५ सप्टेंबर

सराव बघायला कोर्टाच्या कडेला उभा राहिलो. बॉल थेट चष्म्यावर आला. सगळ्या मुली धावत आल्या, एकीने चष्म्याची काडी शोधून दिली. आता ठरवलंय, कोर्टाकडे जायचं नाही. तशी गरजही नाही. माणूस धावत असताना शरीर काय सांगतंय ते कळत नाही. टेबलावर निवांत आडवं झालं की शरीर आपणहून बोलायला लागतं. हे मी बायकोलाही सांगायचो.

८ सप्टेंबर

पहिली खरी केस. संघातली सगळ्यात जोरदार स्मॅश मारणारी मुलगी. तिला सगळे धाकटी म्हणतात, कारण तिची थोरली बहीण याच संघात आहे आणि ती सगळ्यांचीच ताई आहे. अगदी कोच सरही तिला ताई म्हणतात, आणि सर तिच्याहून दहा वर्षांनी तरी मोठे असतील.

ताई संघाची कप्तान आणि सेटर. सेटर म्हणजे जी बॉल नेटपाशी हलकेच वर उचलून देते, आणि मग दुसरी कोणीतरी उडी मारून तो पलीकडे हाणते. हे मला आज कळलं. हाणणारी ती बहुतेक वेळा धाकटीच. आई लवकर गेली, तेव्हापासून ताईनेच हिला वाढवलं. शाळेच्या मैदानात बॉल कसा मारायचा ते शिकवलं, मग पॅकिंग विभागात आपल्याशेजारी नोकरीला लावलं. दोघी एकाच सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या राहून पुडे खोक्यात भरतात आणि संध्याकाळी एकाच कोर्टावर खेळतात.

धाकटीचा उजवा खांदा दुखतो. वर्ष झालं म्हणाली. दहापैकी किती दुखतं विचारलं तर म्हणाली चार. मी खांद्याच्या पुढच्या बाजूला बोट दाबलं, तर तिने टेबलाची कड अशी धरली की टेबल सरकलं. तिच्या चारवर माझा विश्वास नाही.

कशाने दुखायला लागलं विचारलं. थोडा वेळ छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "झोपेत हात अंगाखाली येतो."

तसं लिहून घेतलं. कारण सापडलं की अर्धं काम झालं.

१३ सप्टेंबर

शेक, मग मशीन, मग हलका मसाज. मुलींनी माझं नाव "शेकवाले डॉक्टर" ठेवलंय. मी डॉक्टर नाही हे दोनदा सांगितलं. शेकवाला नाही हेही सांगायला हवं होतं.

दुखणं चार. (खरं सहा.)

१९ सप्टेंबर

शेक बंद. शेक हा म्हाताऱ्यांचा उपाय, खेळाडूच्या खांद्याला ताकद हवी. खांद्याच्या खोबणीभोवती छोटे स्नायू असतात. बॉल मारल्यावर हाताला लगाम घालायचं काम त्यांचं. ते दमले की सगळा झटका खांद्यावर येतो. म्हणून आता रबरी पट्ट्याचे व्यायाम. पट्टा दाराच्या कडीला बांधायचा आणि कोपर अंगाशी धरून हात बाहेर ओढायचा. काल ओढताना कडीच निघून आली. धाकटीने ती परत बसवली. ताई तिला न्यायला आली होती, तिनेही कौतुकाने दोनदा पट्टा ओढून बघितला. म्हणाली, "हिला बरं करा हो डॉक्टर. हिच्या हातावरच आमचा सगळा संघ आहे."

धाकटी म्हणाली, "काही नाही गं झालेलं."

२७ सप्टेंबर

आजचा दिवस वहीत ठळक अक्षरात लिहावा असा. दुखणं दोन! मी दाबून बघितलं, टेबल जागच्या जागी. या आठवड्यात ती रोज खेळली, तरी दोन. रबरी पट्टा हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं यश ठरेल असं वाटतंय. एखादा लेख लिहायला हरकत नाही.

ताईलाही सांगायला हवं. ती या आठवड्यात नव्हती, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून रजेवर होती. तिच्या जागी नवी सेटर खेळत होती, पोरगेलीशी आहे, सगळ्यांना घाबरते. ताई सोमवारी येतेय. तिला आनंद होईल.

३० सप्टेंबर

दुखणं सहा. म्हणजे तिचं चार.

काही कळत नाही. पट्टा तोच, व्यायाम तेच. रविवारी ती कुशीवर झोपली असणार. झोपेचं नीट विचारलं. म्हणाली हो, कुशीवरच. मी लगेच बाजारातून एक लांबट उशी आणली, हाताखाली घ्यायला. बायको म्हणाली, आपल्या घरात चांगली उशी आणायला तुला वेळ नाही. ते वेगळं.

९ ऑक्टोबर

उशीचा काही उपयोग नाही. धाकटीने ती दुसऱ्याच दिवसापासून ताईला दिली, असं बोलता बोलता निघालं. ताईची कंबर दुखते म्हणून.

आता खांद्यामागच्या त्रिकोणी हाडावर काम सुरू केलंय. हात वर जाताना ते हाड पाठीवरून सरकायला हवं. तिचं सरकतं, व्यवस्थित सरकतं. मापं घेतली, दुसऱ्या बाजूशी ताडून पाहिली, सगळं जिथल्या तिथे. इतका सुरेख खांदा मी इस्पितळात एकही पाहिला नव्हता. तरी दुखतो. हे म्हणजे घर नवं, पाया पक्का, आणि तरी रोज भिंतीला ओल.

१६ ऑक्टोबर

धाकटीला घेऊन जुन्या इस्पितळात गेलो. तिथले हाडांचे सर्जन माझ्या ओळखीचे. सोनोग्राफी केली. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, स्नायूच्या दोरीला चीर आहे. अजून लहान आहे. अशीच मारत राहिली तर मोसम संपायच्या आत तुटेल. मग ऑपरेशन. "केस बांधण्याइतका हात वर जाईल नंतर," ते म्हणाले, "पण स्मॅश विसरायचा."

येताना बसमध्ये तिला सगळं सांगितलं. खेळाडूंशी खोटं बोलायचं नाही हा माझा नियम. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "ताईला सांगू नका."

मी म्हणालो, ताईला का नाही? ती तर कप्तान आहे.

"तिला वाईट वाटेल."

सुट्टी घे म्हणालो. नाही म्हणाली. निदान उपांत्य सामन्यापर्यंत तरी नाही. ताईचा हा शेवटचा मोसम असेल, म्हणाली. तिला ट्रॉफी हातात घेतलेली बघायची आहे. मला दोघी बहिणींचं हे प्रेम फार आवडलं, पण खांद्याच्या दृष्टीने अगदी चुकीचं आहे.

२० ऑक्टोबर

सरांना सांगितलं. ते चहा पिता पिता थांबले. म्हणाले, "मागच्या वर्षीच म्हटलं होतं, सेटर बदलून बघू का. तर धाकटी म्हणाली, मग मलाही बसवा. ताई जिथे नाही तिथे मी नाही." मग उरलेला चहा पीत बसले.

हे ते मला का सांगत होते कळलं नाही. सेटर हा त्यांचा विषय, माझा खांदा. मी त्यांना विचारलं, हिच्या रोजच्या स्मॅशचा आकडा कमी करता येईल का. ते म्हणाले, "हो, तेही करू." आणि माझ्याकडे असं बघितलं, जसं मुलाखतीत साहेबांनी बघितलं होतं.

२३ ऑक्टोबर

आज चष्मा खिशात ठेवून कोर्टावर गेलो. टेबलावर जे सापडायचं ते सगळं सापडून झालंय, आणि तरी खांदा हाताबाहेर चाललाय. हरलो म्हणायला हरकत नाही. कोर्टाच्या मागच्या टोकाला, सुरक्षित अंतरावर, एका खुर्चीमागे उभा राहिलो. चष्म्याशिवाय तोंडं दिसत नाहीत, पण शरीरं दिसतात.

आणि सापडलं! धाकटीची चूक आहे. ती फार पुढे पळते. उडी मारते तेव्हा बॉल तिच्या डोक्याच्या मागे असतो. मग ती हवेतच पाठीची कमान करते, हात मागे ओढते आणि तशा अवघडलेल्या हाताने मारते. दर वेळी. खांद्याचं वाटोळं व्हायला आणखी काय हवं? इतके दिवस मी दाराची कडी उपटत बसलो आणि चूक ही होती.

धाकटीला लगेच बोलावून समजावलं, बॉलची वाट बघ, पुढे पळू नकोस. ती म्हणाली, "हो डॉक्टर." बाकी काही नाही.

पण मला माहीत आहे, सवय अशी सुटत नाही. म्हणून सराव संपल्यावर ताईला गाठलं. धाकटी तिचंच ऐकते. म्हणालो, जरा कान पिळा हो तुमच्या बहिणीचा, फार पुढे पळते. ताई बॉल जाळीत भरत होती.

"पुढे पळते?"

"हो ना. दर वेळी बॉल तिच्या मागे राहतो. म्हणून तर खांदा गेला."

ताईने हातातला बॉल जाळीत टाकला, परत बाहेर काढला, परत टाकला. मग म्हणाली, बघते मी. माझ्या बोलण्याचा तिच्यावर चांगलाच परिणाम झालेला दिसला. सोनोग्राफीबद्दल मात्र मी ताकास तूर लागू दिली नाही. शब्द म्हणजे शब्द.

२४ ऑक्टोबर

आज सरावात धाकटीला ताई काहीच रागावली नाही. मी आजही खुर्चीमागे उभा होतो. ताई मात्र खेळात नव्हती म्हणावं इतकी गप्प. दोनदा बॉल तिच्या हातातून निसटला. कप्तानाचं लक्ष उडालं की संघाचं उडतं.

२५ ऑक्टोबर

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीत ताई माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं. पॅकिंगचा निळा कोट तसाच अंगावर. टेबलावर बसून डावा पाय पुढे केला आणि म्हणाली, "हा गुडघा गेलाय, डॉक्टर. पट्टा बांधा."

गुडघा हा माझा हातखंडा. पूर्ण वाकवला, सरळ केला, वाटी हलवून बघितली, दोन्ही बाजूंनी दाब देऊन बघितला. सूज नाही, आवाज नाही, काही नाही. म्हणालो, ताई, हा माझ्या गुडघ्यापेक्षा चांगला आहे.

"माहितीये. तरी बांधा. आणि सरांना सांगा की मी आता खेळू शकत नाही."

मी तिला माझा नियम सांगितला. इस्पितळात कितीजण रजेसाठी खोटी कंबर घेऊन यायचे. एकालाही मी कधी दुखणं दिलं नाही. ती शांतपणे ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर म्हणाली, "ती पुढे पळत नाही."

"कोण?"

"धाकटी. ती जिथे उडी मारते तिथेच मारायला हवी. बॉल मागे येतो. माझे पाय आता बॉलखाली वेळेवर पोचत नाहीत. अर्धं पाऊल उशीर होतो, मग जमेल तिथून उचलून देते. मला वाटायचं, जातोय की बरोबर. ती मारते ना दर वेळी. एकदाही चुकली नाही, मग मला कसं कळणार?"

मी तिचा पाय हळूच टेबलावर ठेवला.

"मला तुम्ही परवा सांगितलंत तेव्हा कळलं," ताई म्हणाली. "तिला वर्षभर माहीत असणार."

मी म्हणालो, मग तिला सरळ सांगा, मी थांबते म्हणून. ताई पहिल्यांदाच हसली. म्हणाली, "वर्षभर हात मोडून घेतला तिने, पण मला एका शब्दाने कळू दिलं नाही. तिच्या हातासाठी मी बसले असं तिला कळलं, तर ती उद्या खेळ सोडेल. मी ओळखते ना तिला, मीच वाढवलंय. गुडघा गेला म्हटलं की कोणाचाच दोष नाही."

डाव्या गुडघ्याला पट्टा बांधला. दोनदा सोडून बांधावा लागला. जाताना तिला लंगडायची आठवण करून दिली. म्हणाली, "कोर्टावर लंगडेन. इथे तुमच्यासमोर कशाला?"

ती गेल्यावर बाकावर बसून राहिलो. शेक, मशीन, पट्टा, उशी. ताई रजेवर होती त्या आठवड्यातलं दोन. आणि मी लेख लिहिणार होतो. लाज वाटली हे तर झालंच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. बॉल थोडा मागे येतोय हे दोन शब्दांत सांगता आलं असतं, ते न सांगता ती मुलगी वर्षभर दर संध्याकाळी हवेत उडी मारून आपला खांदा फाडत होती. आणि मी तिला म्हणालो, बॉलची वाट बघ.

घरी बायकोने विचारलं, आज गप्प का. मी म्हणालो काही नाही. जेवताना खांद्यांबद्दल बोलायची बंदी आहे.

२६ ऑक्टोबर

सरांना सांगितलं. वाक्य रात्रभर पाठ केलं होतं: ताईंचा गुडघा कामातून गेलाय, या मोसमात त्यांना खेळवणं धोक्याचं आहे. सर म्हणाले, बरं. कुठला गुडघा हेसुद्धा विचारलं नाही. एका कोचने इतकं निष्काळजी असणं मला पटलं नाही, पण आज ते पथ्यावर पडलं. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसेच थोडा वेळ उभे राहिले.

संघापुढे ताईने स्वतःच सांगितलं. मुली रडल्या. धाकटी रडली नाही. ती ताईकडे बघत होती, मग माझ्याकडे, मग परत ताईकडे.

३ नोव्हेंबर

नवी सेटर अजून सगळ्यांना घाबरते, पण बॉल जिथे पाहिजे तिथे देते. ताई रोज खुर्चीत बसून तिला शिकवते. दुखणं तीन. या वेळी मी श्रेय घेतलं नाही. रबरी पट्टा मात्र सुरू आहे, चीर भरून यायला त्याचा उपयोग होतोच. सर्जननी फोनवर सांगितलं, असंच राहिलं तर ऑपरेशन लागणार नाही.

धाकटी माझ्याशी फारसं बोलत नाही. हात ओढते, मोजते, जाते.

९ नोव्हेंबर

उपांत्य सामना. जिंकलो. मी आता चष्मा घालून बघतो, खुर्चीमागे नाही. धाकटीने सगळ्यात जास्त स्मॅश मारले. बॉल दर वेळी तिच्या पुढ्यात, हात सरळ वर, अगदी पुस्तकातल्या चित्रासारखा. एकदाही खांदा धरला नाही. दर स्मॅशनंतर ती पहिल्यांदा ताईकडे बघायची. ताई कोर्टाबाहेर खुर्चीत, डाव्या गुडघ्याला मी सकाळी बांधलेला पट्टा, पाय दुसऱ्या खुर्चीवर लांब केलेला. ती दर वेळी टाळ्या वाजवायची. पहिल्या दोन-तीन वेळा रुमालाने तोंडही पुसलं.

सामना संपल्यावर धाकटी बर्फ लावून घ्यायला बाकावर येऊन बसली. मी बर्फाची पिशवी खांद्यावर बांधत होतो. कोर्टापलीकडे ताई मुलींच्या घोळक्यात तशीच पाय लांब करून बसलेली, समोरच दिसत होती. धाकटी तिकडे बघत म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? खरं सांगाल?"

मी म्हणालो, विचार की.

"तिचा गुडघा खरंच गेलाय?"

इतक्या वर्षांत पेशंटशी एकदाही खोटं बोललो नव्हतो, आणि या मुलीशी तर नाहीच. पण ताईचा चेहरा समोर होता. म्हणालो, "हो. पार गेलाय."

"माझ्यामुळे नाही ना बसली ती?"

"छे. तुझा काय संबंध? गुडघा आहे तो, वय झालं की जातो."

"कुठला?"

असं एकदम विचारल्यावर माझी जरा धांदल उडाली, पण मी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तपासणाऱ्याने खात्रीने बोलायचं असतं. "उजवा," मी म्हणालो.

ती ताईच्या पायाकडे बघत राहिली. बराच वेळ. मग मान हलवली.

"हो," ती म्हणाली. "मलाही तेच सांगितलं तिने. उजवाच."

माझा जीव भांड्यात पडला. पेशंटशी बोललेलं पहिलंच खोटं, पण बिनबोभाट पचलं. धाकटीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बर्फ फार गार लागतोय म्हणाली. काहींना होतं तसं. मी पिशवीखाली टॉवेलची आणखी एक घडी घातली.

मग ती उठली, कोर्ट ओलांडून ताईकडे गेली आणि तिच्यासमोर गुडघ्यांवर बसून तिच्या कानात काहीतरी बोलली. ताईने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच मान हलवून तिला कळवलं की सगळं ठीक झालं, काळजी नको. ताईने दोन्ही हातांनी धाकटीचं डोकं धरलं आणि कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं. दोघी किती तरी वेळ तशाच बसल्या. मुली मागे सरकल्या.

निघताना धाकटीने दोन्ही बॅगा पाठीवर टाकल्या आणि ताईच्या उजव्या बाजूला जाऊन तिला आपल्या डाव्या खांद्याचा आधार दिला. ताई उजवा पाय ओढत, तिच्यावर पूर्ण भार टाकून, दारापर्यंत चालत गेली. चांगलीच लंगडत होती.